मिस्त्रीच्या खिशातला विंचू

मी विंचू बोलतोय.

माझ्याइतकी माणसं पळवलेला दुसरा विंचू अख्ख्या वस्तीत दाखवा, मी त्याच्यापुढे नांगी टाकीन. न्हावी माझ्यामुळे पळालाय, अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक तसंच सोडून. पोस्टमन सायकल टाकून पळालाय. एक जाडजूड कंत्राटदार तर टेबलावर चढून बसला, आणि उतरायला त्याला शिडी लागली. आता खरं सांगतो, चावलो मात्र मी एकालाही नाही. चावणार कशानं? मी रबराचा. माझी नांगी दाबली की चपटी होते आणि सोडली की फुसकन वर येते. माझा पराक्रम तो एवढाच.

आईबाप म्हणाल, तर एक लोखंडी साचा. वरून गरम रबर ओतलं, झाकण दाबलं, की झाला विंचू. त्या साच्यावाल्याचं गणित कच्चं असावं, कारण खऱ्या विंचवाला आठ पाय असतात आणि मला सहाच दिले. आता म्हणाल, मग लोक फसतात कसे? अहो, विंचू दिसल्यावर त्याचे पाय मोजत बसतो कोण? शिक्षणात मी साच्यावाल्यावरच गेलोय. शाळेत जन्मात एकदा गेलो, तेही मास्तरांच्या खुर्चीवर, आणि त्या दिवशी शाळा लवकर सुटली. पोरांनी माझे आभार मानले. मास्तरांनी नाही मानले.

दुकानात मी दोऱ्याला टांगलेला असे, रबरी बेडूक आणि रबरी पाल यांच्या मधे. तिथून मला मिस्त्रीनं आणलं.

मिस्त्री म्हणजे गवंडी. अर्ध्या वस्तीच्या भिंती त्याच्या हातच्या. काटकुळा, गुडघ्यांतून वाकलेला, आणि दुसऱ्याची फजिती झाली की डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारा. मला घरी आणल्या आणल्या त्यानं पहिल्यांदा बायकोच्या उशीवर ठेवलं. तिनं मला केरसुणीनं असा हाणला, की माझा एक पंजा कायमचा वाकडा झाला. मग ती हसली, आणि हसता हसता तिनं मिस्त्रीलाही एक हाणली. ती गेली, तेव्हापासून मिस्त्री मला खिशातून काढून ठेवेना. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात. माझं बिऱ्हाड मिस्त्रीच्या शर्टाच्या खिशात, चपटी पेन्सिल आणि मोजपट्टी यांच्या शेजारी.

घर गल्लीच्या टोकाला, मागं खडकाळ उतार. मिस्त्रीला एक खोड होती. ज्या कामावर जाईल तिथली उरलेली वीट घरी आणायची. सबंध, अर्धी, कोपरा उडालेली, कसलीही. सोबत फुटकी कौलं आणि सेंट्रिंगच्या फळ्या. सगळं परसात रचून ठेवलेलं. कुणी विचारलं की म्हणायचा, "माडी चढवायची आहे." ती माडी बोलण्याबोलण्यात तीन मजले चढली. विटा तेवढ्या जमिनीवर राहिल्या.

आणि त्या विटांत माझे चुलतभाऊ राहायला आले. आठ पायांचे, अस्सल.

घरात आणखी दोन माणसं. मिस्त्रीचा मुलगा ट्रक चालवतो, म्हणजे तो पाहुण्यासारखा येतो, म्हणून त्याला मोजत नाही. एक मिस्त्रीची सून आणि दुसरी सुनेची पोर. पोरीला सगळे भिंगरी म्हणतात, कारण रांगायला लागल्यापासून ती एका जागी ठरत नाही. सून घरीच शिवणकाम करते. भिंतीशी मशीन, शेजारी कापडाचे गठ्ठे, खिडकीत बटणांची काचेची बरणी.

सून लग्न होऊन आली, तेव्हा मी तिच्या मशीनवर जाऊन बसलो. म्हणजे बसवलो गेलो. ती दचकली आणि सुई बोटात गेली. मिस्त्री इतका हसला, की त्याला ठसका लागला, आणि शेवटी पाणी त्याला तिनंच आणून दिलं, बोटाला चिंधी गुंडाळलेल्या हातानं. तेव्हा मला मजा वाटली. खोटं कशाला बोलू?

मग रोजचंच झालं. पिठाच्या डब्यात मी, कात्रीखाली मी, घड्या घातलेल्या चादरीत मी. पहिल्यांदा ती किंचाळायची, पुढं पुढं नुसती थबकायची, आणि शेवटी शेवटी शेपटीला धरून मला उचलायची आणि न बघता मिस्त्रीकडे भिरकवायची. मिस्त्रीला ते रुचेना. मग त्यानं तोंडाची जोड दिली. "सूनबाई, विंचू" यानं काम भागेना, तेव्हा "अगं, खरा आहे" सुरू झालं. तेही जुनं झालं, तेव्हा "शप्पथ, खरा आहे" आलं. टाका एकाच जागी सारखा उसवला, की तिथं पुन्हा दोरा धरत नाही. हे सुनेचंच वाक्य, कुणाच्या तरी बाहीबद्दल बोललेलं. मी ते फुकट उचललंय.

पोर रांगायला लागली तशी सुनेनं खऱ्या विंचवांशी लढाई पुकारली. खाटेचे चारही पाय काचेच्या पेल्यांत ठेवले, कारण गुळगुळीत काचेवर आमच्या भाऊबंदांचा पाय ठरत नाही. खाट भिंतीपासून ओढून घेतली. चादरीची कड जमिनीला टेकू द्यायची नाही, जोडे झटकल्याशिवाय घालायचे नाहीत, कपडा उलटा करून बघितल्याशिवाय अंगात चढवायचा नाही. जुन्या पायजम्यांच्या कापडाच्या लांब लोळ्या शिवल्या, त्यांत वाळू भरली, आणि दोन्ही दारांखालच्या फटींशी त्या आडव्या टाकल्या. लांब दांड्याचा चिमटा आणून खुंटीला लावला. मला तिचं कौतुक वाटायचं आणि थोडी भीतीही. एवढ्या जय्यत तयारीनं माझ्यावर कुणी कधी चालून आलं नव्हतं.

फक्त दोन कामं तिच्या हातची नव्हती.

"मामंजी, मागच्या भिंतीला भेगा पडल्यात. तेवढ्या बुजवून द्या."

"देतो की. गवंडी कोण आहे घरात?"

"तेच तर. लोकांच्या भिंती गुळगुळीत, आणि आपल्या भिंतीत बोट जातं."

"न्हाव्याचे केस बघितलेस का कधी?"

"आणि त्या विटा हलवा."

"माडी चढवताना एकेक हलवणारच आहे."

"पोर रांगते, मामंजी. परवा मोरीपाशी एक निघाला."

"तो याला भेटायला आला असेल," असं म्हणून मिस्त्रीनं मला तिच्या मांडीवरच्या कापडावर ठेवलं. तिनं मला उचलून खाली टाकलं आणि टीप मारायला लागली. मिस्त्रीनं तेवढ्यावर वाद जिंकला असं समजून बाहेर जाऊन पेपर उघडला. विनोदानं माणूस अवघड प्रश्नातून कसा सुटतो, ते मी खिशातून बघत आलोय. प्रश्न मात्र सुटत नाही. तो परसात विटांखाली बसून राहतो.

भिंगरीला मी आवडलो. जन्मात मला बघताक्षणी, न घाबरता हसणारं ते पहिलं माणूस. ती माझा वाकडा पंजा चोखायची, शेपटीला धरून फरशीवर आपटायची, आणि मी फुसकन नांगी वर केली की खिदळायची. इतकी वर्षं लोकांनी मला बघून पाय वर घेतले होते. हिनं हात पुढं केले. मी पाघळलो, यात माझं काय चुकलं? चुकलंच. पण ते पुढं सांगतो.

सून पहिल्यांदा म्हणाली होती, "तिच्या हातात हे देऊ नका. उद्या खऱ्याला धरेल."

"नात कुणाची आहे?" मिस्त्री म्हणाला. "खरं-खोटं तिला तुझ्याआधी कळेल."

पुढं शिवणाची घाई असली आणि पोर रडायला लागली, की सूनही मलाच तिच्यापुढं टाकायची. खुळखुळ्यानं गप्प होत नसे, माझ्यानं व्हायची. त्यामुळं घरात दोष द्यायचा, तर थोडा थोडा सगळ्यांना पुरेल. पण माझा वाटा मोठा आहे. तो मी कुणाला देत नाही.

तो दिवस गेल्या महिन्यातला. टळटळीत दुपार. सुनेकडे गणवेशांचं काम आलेलं आणि ते संध्याकाळी नेणार होते. मशीन थांबत नव्हतं. भिंगरी सतरंजीवर. मिस्त्रीला वारा हवा होता, म्हणून त्यानं मागचं दार उघडून उंबऱ्याशी खुर्ची टाकली. पायात येत होती, म्हणून वाळूची लोळी पायानंच बाजूला सारली. मी त्याच्या खिशात. आम्ही गणवेश न्यायला येणाऱ्या माणसाची वाट बघत होतो. मला गठ्ठ्यातल्या सगळ्यात वरच्या शर्टावर बसवायचा बेत होता. मिस्त्री मधूनमधून खिशावर थाप मारून आपल्याशीच हसत होता.

त्या सारलेल्या लोळीच्या जागेवरून तो आत आला.

माझ्याहून लहान. लालसर, काड्यांसारखे पंजे. दिसायला मी त्याच्या दुप्पट भयंकर, पण काम त्याचं. भिंतीच्या कडेकडेनं तो निघाला आणि सतरंजीच्या टोकाशी थांबला. भिंगरीनं त्याला बघितलं. ओळखलं. टाळी वाजवल्यासारखे दोन्ही हात आपटले, हसली, आणि रांगत निघाली.

सुनेनं मशीनवरून अर्धी मान वळवली. "सापडला का गं तुझा विंचू? घे, खेळ." आणि मान पुन्हा सुईकडे.

मिस्त्रीनंही बघितलं. त्याचा हात खिशावर गेला. खिशात मी होतो. अख्ख्या घरात हे ठाऊक असलेला माणूस तो एकटाच. त्याचं काळीज माझ्या पोटावर आपटायला लागलं, ते मी जन्मात विसरणार नाही.

"सूनबाई, विंचू."

"हो."

"अगं, खरा आहे."

"हो, मामंजी."

"शप्पथ, खरा..." आणि तो मधेच थांबला. त्याला पुढचा शब्द सापडेना. सापडणार कुठून? भाषेत होते नव्हते ते सगळे शब्द आम्ही दोघांनी खर्चून टाकले होते. ओरडून झालं होतं, शपथ घेऊन झालं होतं, छाती धरून लोळणसुद्धा घेऊन झाली होती एकदा. मशीन चालूच होतं.

"हा माझ्याजवळ आहे, हा बघ," म्हणत त्यानं खिशात बोटं घातली. मला नुसतं वर धरून दाखवलं असतं, तरी तिला एका क्षणात कळलं असतं. जन्मभर नको तिथं, नको तेव्हा मी टुणकन बाहेर आलोय. त्या दिवशी माझी शेपटी आतल्या शिवणीत अडकली. अवजारांनी खिसा फाटतो, म्हणून तो सुनेनं दुहेरी दोऱ्यानं शिवलेला. त्यानं एक हिसका दिला, दुसरा दिला, मी निघेना. मी रबर, ताणलो फक्त.

पोरीचा हात विंचवापासून वीतभर होता.

मिस्त्रीनं मला सोडून दिलं. खुर्ची उलटी झाली. ज्या गुडघ्यांना साधा उंबरा चढायला भिंत धरावी लागते, ते गुडघे घेऊन तो पुढं झेपावला आणि फरशीवर आडवा पडला. उजवा तळहात त्यानं पोरीच्या बोटांवर झाकणासारखा ठेवला, डाव्या हातानं तिला मागं लोटलं. त्या हाताच्या पाठीवर विंचवानं नांगी मारली.

खुर्चीच्या आवाजानं मशीन थांबलं. "आता पडूनसुद्धा दाखवायला लागलात का?" सून म्हणाली आणि वळली. त्याच वेळी, पडताना फाटलेल्या खिशातून मी निसटलो आणि फरशीवर पडलो. उशीर झाल्यावर.

तिला दोन विंचू दिसले. एक उताणा, निपचित. दुसरा नांगी उगारून भिंतीकडे चाललेला.

ती ओरडली नाही. चिमट्याकडेही गेली नाही, तो लांब होता. खिडकीतली बरणी घेतली, बटणं तशीच जमिनीवर ओतली, आणि बरणी विंचवावर उपडी मारली. मग पोरीचे हात उलटेसुलटे करून बघितले, पाय बघितले, बोटांच्या बेचक्या बघितल्या. मग सासऱ्याकडे बघितलं. त्याच्या कपाळावरून घामाची धार लागली होती, आणि तो एवढंच विचारत होता, "तिला नाही ना? तिला नाही ना?"

शेजारच्या टेम्पोवाल्यानं त्यांना दवाखान्यात नेलं. मला कुणी नेलं नाही, त्यामुळं तिथलं ऐकीव सांगतो. हात खांद्यापर्यंत पेटल्यासारखा झाला होता. सुया टोचल्या, रात्रभर ठेवून घेतलं. डॉक्टर म्हणाले, "नशीब म्हणायचं, आजोबा, तुम्हाला चावला. या पोरीला चावला असता तर..." आणि लिहायला लागले. विंचू चावलेल्या माणसाला नशीबवान म्हणतात, हा विनोद एरवी मिस्त्रीनं गावभर सांगितला असता. तो हसला नाही म्हणे.

मी घरीच होतो, सांडलेल्या बटणांत. समोर बरणीखाली तो. काचेवर चढायचा आणि घसरायचा. त्याच्या तोंडावर मला पश्चात्ताप काही दिसला नाही, आणि का दिसावा? त्याला उघडं दार दिसलं, तो आला. अंगावर हात आला, त्यानं नांगी मारली. त्यानं विंचवाचं काम केलं. मी कुणाचं काम केलं? एका लेकराला शिकवून ठेवलं, की असा दिसला की हात पुढं करायचा. एका आईला शिकवून ठेवलं, की असा दिसला की मान वळवायची नाही. आणि ज्या दिवशी नुसतं बाहेर यायचं होतं, त्या दिवशी खिशात अडकून बसलो. विष नाही, विष नाही म्हणून मी छाती फुगवत होतो. निघालं की नाही?

दुसऱ्या दिवशी मुलगा ट्रक सोडून आला. गमबूट चढवून त्यानं विटा हलवायला घेतल्या, सून चिमटा घेऊन शेजारी. अगदी तळाच्या थरात एक विंचवीण निघाली. तिच्या पाठीवर पांढरी पांढरी पिल्लं, तांदळाच्या कण्यांसारखी.  सुनेनं तिला पिल्लांसकट बादलीत घातलं, बरणीतलाही तिच्यासोबत, आणि नवऱ्याला म्हणाली, "लांब सोड. उताराच्या पलीकडे. मारू नकोस." विटा टेम्पोवाल्याला देऊन टाकल्या, त्याला कुंपण घालायचं होतं. माडी गेली, एकदाची.

मिस्त्रीनं घरी आल्या आल्या सिमेंट कालवलं. उजवा हात गळ्यात, त्यामुळं थापी डाव्या हातात. मागच्या भिंतीची एकेक भेग त्यानं बुजवली. त्याच्या हातून इतकं ओबडधोबड काम आयुष्यात झालं नसेल. सून चहा घेऊन आली, भिंतीकडे बघितलं, आणि कप ठेवून गेली.

घरात आता विंचू नाही. मी सोडून.

खरी अडचण तीच आहे. परवा मी खिडकीत पडलेला भिंगरीला दिसलो. तिनं दोन्ही हात पुढं केले आणि खिदळली.  भेगा बुजवता येतात, विटा उचलता येतात. त्या हसण्याचं काय करायचं, ते कुणालाच ठाऊक नाही. मला तर नाहीच.

माझी मागणी मोठी नाही. माझे भाईबंद अजून दुकानांत दोऱ्याला टांगलेले आहेत. घ्यायचेच झाले, तर मोठ्या माणसांसाठी घ्या, कंत्राटदारांसाठी तर जरूर घ्या. पण ज्याला अजून भिता येत नाही, त्याच्या हातात आम्हाला देऊ नका. आणि "शप्पथ, खरं आहे" हे शब्द घरात थोडे शिल्लक ठेवा. लागतात.

आज सकाळी मिस्त्रीनं परसात उरलेल्या कुजक्या फळ्या पेटवल्या. मग घरात येऊन मला उचललं. मी म्हटलं, बरं झालं, हेच हवं होतं. सून शेजारी दोरीवर कपडे वाळत घालत होती, प्रत्येक कपडा आधी झटकून. पोर तिच्या कडेवर. मिस्त्री मला डाव्या हातात धरून जाळापुढं उभा राहिला. मला धग लागत होती. टाकील टाकील म्हणेपर्यंत तो बोलायला लागला.

"सगळं याच्यापायी झालं बघ, सूनबाई. या रबराच्या तुकड्यापायी. हा जळाला की सुटलो."

सुनेनं हातातला शर्ट झटकला, दोरीवर टाकला.

"जाळा, मामंजी. पण त्याच्यापायी झालं म्हणू नका. तो बिचारा खिशात पडून असायचा. त्याला बाहेर काढणारा हात कुणाचा होता?"